तांब्याच्या पत्र्यावर उगवणाऱ्या नॅनोतारा

तांब्याचा स्वच्छ पत्रा साध्या हवेत तापवला की काळा पडतो, हे कोणत्याही तांबटाला ठाऊक असते. पण हाच पत्रा ४०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान काही तास ठेवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्या काळ्या थरावर कॉपर ऑक्साइडच्या तारांचे दाट रान उभे दिसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात युनान शिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या पद्धतीने ३० ते १०० नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) जाडीच्या आणि १५ मायक्रोमीटरपर्यंत लांबीच्या तारा वाढवल्या. त्यासाठी ना निर्वात पोकळी लागली, ना उत्प्रेरक. भट्टी आणि हवा एवढेच पुरले.

तारा उगवतात त्या ऑक्साइडच्या थरात साठणाऱ्या ताणामुळे, असे आज बहुतेक संशोधक मानतात. तापलेल्या तांब्यावर आधी क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे कमी ऑक्सिजन असलेल्या कॉपर ऑक्साइडचा, जाड थर बसतो आणि त्याच्यावर जास्त ऑक्सिजन असलेल्या क्युप्रिक ऑक्साइडचा पातळ थर येतो. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होताना आकारमान वाढते, मात्र पसरायला जागा नसल्याने वरचा थर दाबाखाली येतो. मग खालून येणारे तांब्याचे आयन (विद्युतभारित अणू) स्फटिककणांच्या सीमांमधून वर सरकतात आणि पृष्ठभागावर ऑक्सिजनशी संयोग पावून तारेच्या रूपाने वाढू लागतात. लोखंडावर हेमटाइट या लोहाच्या ऑक्साइडच्या तारा अशाच तापवण्यातून मिळतात.

या तारा ज्याच्या बनतात तो क्युप्रिक ऑक्साइड हा पी-प्रकारचा अर्धवाहक आहे, म्हणजे त्यात वीज मुख्यतः धन-विवरांमार्फत, इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांमार्फत, वाहते. हवेतला ऑक्सिजन तारेला चिकटून तिच्यातील इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे धन-विवरे वाढतात आणि वहन सुधारते. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू तो ऑक्सिजन खर्ची घालतो, तेव्हा इलेक्ट्रॉन परत येतात आणि रोध वाढतो. तार इतकी बारीक असते की पृष्ठभागावरील हा बदल तिच्या वहनात ठळकपणे उमटतो. वायुसंवेदकांसाठी या तारांना मागणी आहे ती यामुळेच.

खरी अडचण मला पत्रा थंड होताना दिसते. तांबे ऑक्साइडपेक्षा जास्त आकुंचन पावते, त्यामुळे थर तडकतो आणि तारांसकट पापुद्र्यासारखा सुटून येतो. ज्या ताणाने तारा वाढवल्या, त्यात थंड होतानाच्या ताणाची भर पडते, म्हणून भट्टीचे तापमान, थराची जाडी आणि थंड करण्याचा वेग यांचा मेळ बसवणे हे तारा उगवण्यापेक्षा अधिक चिकाटीचे काम आहे.