ड्रॅक्युला म्हणजे व्लाड राजा नव्हे

शत्रूंना सुळावर देणाऱ्या वालाकियाच्या (आजच्या रोमानियातला प्रदेश) व्लाड राजावरून आयरिश लेखक ब्रॅम स्टोकरने रक्तपिपासू काउंटची 'ड्रॅक्युला' (१८९७) ही कादंबरी लिहिली, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. स्टोकरची हस्तलिखित टिपणं फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांत ना व्लाडचं नाव आहे, ना सुळांचा उल्लेख.

खलनायकाचं नाव आधी 'काउंट व्हँपायर' होतं आणि त्याचं घर ऑस्ट्रियातल्या स्टिरियात. १८९० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या वाचनालयात स्टोकरला विल्यम विल्किन्सनचं वालाकियावरचं जुनं पुस्तक मिळालं. त्यात तुर्कांशी लढलेल्या 'ड्रॅक्युला' नावाच्या सरदाराबद्दल मोजक्या ओळी आणि 'याचा अर्थ सैतान' अशी तळटीप होती. नाव तिथून आलं. काउंटचं घर शेवटी ट्रान्सिल्व्हेनियात (हाही आजच्या रोमानियातला प्रदेश) गेलं; तिथल्या लोकसमजुती लेखिका एमिली जेरार्डच्या लेखातून आल्या. स्टोकर स्वतः तिकडे कधीच गेला नाही.

मला तर व्लाडपेक्षा व्हिटबीच जास्त मोलाचं वाटतं. १८८५ मध्ये 'दिमित्री' हे रशियन जहाज तिथल्या किनाऱ्यावर आदळलं होतं. स्टोकरने त्या अपघाताची माहिती मिळवून टिपून ठेवली. कादंबरीत काउंटला घेऊन वादळात व्हिटबीला लागणारं 'डिमीटर' ते हेच.