प्रबंधाआधीचा पेपर : अट आली कुठून, गेली कुठे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कॉलेजात पीएच.डी. करणारं कुणीही भेटलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात विषय पेपरवर येतो. "किती झाले?" "एक केअरमध्ये, एक प्रोसिडिंगमध्ये." म्हणजे एक शोधनिबंध 'केअर' या आयोगाच्या मान्य यादीतल्या नियतकालिकात, दुसरा परिषदेच्या लेखसंग्रहात. ऐकणाऱ्याला वाटावं, ही पद्धत पूर्वापार चालत आली आहे. प्रत्यक्षात प्रबंधाआधी पेपर छापण्याची ही सक्ती देशभरासाठी आली 2009 मध्ये आणि नियमांतून गेली 2022 मध्ये.

त्याआधी पदवी मिळायची ती प्रबंधावर. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू होईपर्यंत खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. गाईड, बाहेरचे परीक्षक आणि व्हायवा, एवढ्यावर निकाल लागे. लेख छापायला मनाई नव्हती, जबरदस्तीही नव्हती. आणि खानदेशाला संशोधनाच्या नियतकालिकांचं वावडं होतं, असंही नाही. अमळनेरला प्रताप शेठ यांच्या पाठबळावर 1916 मध्ये उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरातून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघायचं. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांच्या नावाने तिथे जे मंडळ उभं राहिलं, त्याचं 'संशोधक' हे त्रैमासिक आज नव्वदी ओलांडून गेलं आहे. यांत लिहिणाऱ्यांना पदवीसाठी कुठलाही रकाना भरायचा नव्हता.

जुलै 2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.चे किमान निकष ठरवले. प्रबंध सादर करण्याआधी रेफरीड, म्हणजे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात एक पेपर हवा, आणि पुरावा म्हणून छापील प्रत किंवा नुसतं स्वीकृतिपत्र चालेल. हेतू वाईट नव्हता. गाईडच्या पलीकडच्या कुणीतरी काम वाचावं, इतकीच अपेक्षा. पण स्वीकृतिपत्र चालणार म्हटल्यावर ते पत्र विकणारेही येणारच. वर 2010 मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी एपीआयचे, म्हणजे संशोधन-अध्यापनातल्या कामगिरीचे गुण आले. म्हणजे विद्यार्थ्याला पेपर हवा आणि गाईडलाही हवा. जुलै 2009 पूर्वी नोंदणी केलेल्यांना नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांमधून सूट हवी असेल, तर पाच मुद्यांच्या प्रमाणपत्रात दोन पेपर दाखवावे लागू लागले. 2016 च्या नियमांनी एका पेपरसोबत परिषदांमधली दोन सादरीकरणंही मागितली.

मग परिषदांचं पीक आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक यायचं: विषयात 'विविध आयाम', खाली पंचवीस उपविषय, त्याखाली फी आणि खाते क्रमांक. मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्येच पाठवा, युनिकोड चालणार नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारा संशोधक रात्री कन्व्हर्टरमधून अहिराणी ओव्यांवरचा लेख काढायचा आणि फुटलेली जोडाक्षरं एकेक करून सांधायचा. सकाळी पैसे भरले की संध्याकाळपर्यंत 'तज्ज्ञ परीक्षण' होऊन पत्र हातात! विटेएवढा विशेषांक निघायचा, त्यावर ठळक आयएसएसएन. तो क्रमांक म्हणजे नियतकालिकाची निव्वळ ओळख. दर्जाशी त्याचा संबंध नाही. पण कित्येक समित्यांनी तो शिक्क्यासारखा वाचला.

आयोगाने 2017 मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली. तीत विद्यापीठांनी सुचवलेली नावंही होती आणि घाण बरीचशी तिथूनच शिरली. पुणे विद्यापीठातले संशोधक भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी त्या सुचवलेल्यांतली नियतकालिकं तपासली, तर तब्बल 88 टक्के निकृष्ट ठरली. मे 2018 मध्ये 4,305 नावं उडाली. त्याच वर्षाच्या अखेरीस 'केअर' आलं, त्याचा कक्ष पुण्याच्या विद्यापीठात.

मला केअरचं एक श्रेय द्यावंसं वाटतं. स्कोपस या नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत मराठी शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. केअरने भारतीय भाषांना रीतसर जागा दिली. धुळ्याचं 'संशोधक'ही त्या यादीत होतं. अडचण संख्येची झाली. मराठीतली मोजकी नियतकालिकं आणि दारात अख्ख्या महाराष्ट्राची रांग. त्यातच खऱ्या नियतकालिकांच्या नावाने नकली संकेतस्थळं उघडली, आणि केअरला त्या नकलांचीही वेगळी यादी ठेवावी लागली.

नोव्हेंबर 2022 च्या नव्या नियमांत पेपरची सक्ती राहिली नाही. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष जगदेश कुमार यांचं म्हणणं, सक्ती नाही याचा अर्थ छापू नका असा नव्हे. फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादीही बंद झाल्याचं जाहीर झालं. नियतकालिक पारखायचं काम आता ज्या-त्या संस्थेचं.

मात्र नवे नियम येण्याआधी ज्यांची नोंदणी झाली, त्यांना जुनेच नियम लागू आहेत. त्यामुळे एकाच गाईडकडे 2021 चा विद्यार्थी पेपरसाठी धावतो आणि 2023 चा निवांत असतो. तोही फार काळ निवांत राहत नाही. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी अर्जदारांची छाननी होते, तेव्हा पेपरचे गुण वेगळे मोजले जातात.