अनिच्छादर्शक इंग्रजी शब्द

एखादे काम करायला मन घेत नाही, ही अवस्था सांगणारे इंग्रजीतील शब्द. रिलक्टंट, अनविलिंग, हेझिटंट, अव्हर्स, लोथ, रिकॅल्सिट्रंट हे त्यांतले नेहमी भेटणारे. मराठी विद्यार्थी यांतले बहुतेक ‘नाखूश’ किंवा ‘अनिच्छुक’ अशा एकाच अर्थाने पाठ करतो आणि तिथेच घोळ होतो. कोल्हापूरकराने तरी हा घोळ करू नये. यांतल्या काही शब्दांची मुळे आखाड्यात, गोठ्यात आणि नांगरटीच्या रानात आहेत.

रिलक्टंट हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा शब्द. लॅटिनमध्ये ‘लुक्तारी’ म्हणजे कुस्ती खेळणे आणि ‘रे’ म्हणजे उलट. दोन्ही मिळून उलटा जोर लावणे. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीच्या हौद्यात खाली गेलेला मल्ल नीट पाहावा. वरचा गडी त्याला चीत करायला बघत असतो आणि हा छाती मातीला लावून, कोपरे रोवून, मान ताठ धरून पालथा राहतो. चढाई करत नाही, आखाडाही सोडत नाही. पण उलटायचा तर प्रत्येक बोटाला जोर लावायला लावतो. रिलक्टंट माणसाचे असेच असते. तो बहुतेक वेळा काम करतो, पण जिवावर आल्यागत करतो. अनविलिंग माणूस राजीच नसतो. गडहिंग्लजला बदली झालेला कारकून आढेवेढे घेत, कां-कू करत का होईना हजर झाला, तर तो रिलक्टंट. ‘मी जाणार न्हाई, काय करायचं ते करा,’ म्हणून घरी बसला, तर तो अनविलिंग. नाखुशीने दिलेला होकार आणि सरळ नकार यांतला हा फरक अर्जात, करारात किंवा साक्षीत चुकला, तर माणसाची बाजूच फिरते.

हेझिटंट या दोघांच्या आधीचा. त्याचा निर्णयच झालेला नसतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ चिकटून बसणे, बोलताना अडखळणे. अव्हर्स म्हणजे तोंड फिरवलेला. हा एका वेळेपुरता नकार नसून स्वभाव असतो. जन्मभर कर्ज काढायचे नाही असे ठरवलेला शेतकरी कर्जाला अव्हर्स. लोथ हा जुना, वजनदार आणि लेखी भाषेतला शब्द. त्याच्या जोडीचे, शेवटचा उच्चार मऊ असलेले ‘लोद’ हे क्रियापद मात्र तिरस्कार करणे या अर्थाचे आहे; दोन्ही एक समजू नयेत. रेटिसंट हल्ली सर्रास रिलक्टंटच्या जागी वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ गप्प राहणे असा असल्याने तो बोलण्यापुरताच ठेवावा.

‘बॉक’ हे क्रियापद ऐन वेळी अडून बसण्यासाठी येते. त्यामागचे जुने इंग्रजी नाम म्हणजे नांगराच्या दोन तासांच्या मधे राहिलेला, न नांगरलेला मातीचा वरंबा. जनावर अडले तरी हेच क्रियापद चालते. रिकॅल्सिट्रंटमध्ये लॅटिन ‘काल्क्स’, म्हणजे टाच, आहे: मागे लाथ झाडणारा. हा नुसता नाखूश नसतो, हुकूमच जुमानत नाही.

वाक्यरचनेतही सावध राहावे लागते. मराठीत नाखुशी माणसाकडे चालून येते: ‘मला जायचं जिवावर आलंय.’ इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि नाखुशी त्याचे विशेषण. रिलक्टंट, अनविलिंग आणि लोथ यांच्यापुढे ‘टू’ आणि साधे क्रियापद येते. अव्हर्सनंतरच्या ‘टू’पुढे मात्र नाम किंवा ‘इंग’वाले रूप. आपल्याकडे ‘नको’ आहे, खेड्यांत ‘नगं’ आहे, आणि नकोस, नका अशी त्याची रूपेही चालतात. इंग्रजीतही एके काळी ‘विल’चे नकारी भावंड ‘निल’ होते. आता ते ‘विली-निली’ या जोडशब्दात तेवढे उरले आहे. मर्जी असो वा नसो, हा त्याचा जुना अर्थ.

विद्युतशास्त्रात रिलक्टन्स ही संज्ञा इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1888 मध्ये रूढ केली. चुंबकीय प्रवाहाला वाटेत होणारा अडथळा म्हणजे रिलक्टन्स. वाटेची लांबी वाढली की तो वाढतो, रुंदी वाढली की घटतो. हवेच्या बारीकशा फटीतही तो तेवढ्याच लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतो. प्रवाह थांबत नाही, त्याला जास्त जोर लागतो, म्हणून हा शब्द इथे अचूक बसला आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात विजेच्या मोटारींची कामे करणाऱ्यांना तो याच अर्थाने ओळखीचा असतो. रिलक्टन्स मोटारीचा फिरता भाग जिथे हा अडथळा सर्वांत कमी, त्या जागेकडे ओढला जातो, आणि वेटोळ्यांतली वीज क्रमाने बदलत ठेवली की तो फिरत राहतो.