बाळाचे डोळे आलेत, की अश्रूंची नळी तुंबली आहे?

सकाळी बाळ जागं होतं, एक डोळा उघडतं आणि दुसरा उघडतच नाही. पापणीच्या केसांवर पिवळं चिपड वाळून बसलेलं असतं. घरात निदान व्हायला मग मिनिटभरही लागत नाही: डोळे आले. माझ्या बहिणीच्या मुलीच्या वेळी हे निदान आईनं केलं, अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींनी त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि एका हुशार मामानं कपाटातून बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली ड्रॉप्सची बाटली शोधून काढली. तो मामा मी. झाकण उघडायच्या आत बहिणीनं बाटली हिसकावून घेतली, म्हणून आज हे मोकळेपणानं लिहू शकतो.

भाची तेव्हा तीन आठवड्यांची होती आणि तिचे डोळे आलेच नव्हते. अश्रूंची नळी अजून उघडली नव्हती, एवढंच. या दोन गोष्टींची गल्लत होते, कारण दोन्हींत चिपड सारखंच असतं: पिवळं, चिकट, कधी हिरवट. रंग बघत बसून काहीच ठरत नाही. बघायचं ते डोळ्याच्या पांढऱ्या भागाकडे आणि कॅलेंडरकडे.

आधी नळीचं बघू. वरच्या पापणीच्या आड, कानाकडच्या बाजूला अश्रुग्रंथी असते. तिच्यातलं पाणी डोळाभर पसरतं आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात, वरच्या-खालच्या पापणीच्या कडेला जी एकेक बारीक छिद्रं असतात, त्यांतून आत ओढलं जातं. आत एक छोटी पिशवी, पिशवीतून खाली नळी, आणि ती नळी उघडते नाकात. रडताना नाक गळतं ते याच वाटेनं. काही बाळांमध्ये नळीच्या नाकाकडच्या टोकाशी एक पातळ पडदा जन्मानंतरही तसाच राहतो. मोरीच्या जाळीवर कागद बसला की होतं तसं होतं. वरून पाणी येतंय, खाली जात नाहीये. मग ते तुंबतं, गालावर ओघळतं आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढून चिकट स्राव तयार होतो. हे काही दुर्मीळ नाही. शंभरातल्या पाच ते वीस बाळांमध्ये कमी-जास्त प्रमाणात असं आढळतं. अगदी सुरुवातीला बाळाला अश्रू बेताचेच येतात, म्हणून पहिल्या दिवसांत काही कळत नाही. दोनेक आठवड्यांनी अश्रू वाढले की डोळा भरलेला दिसू लागतो.

या तुंबलेल्या डोळ्याची ओळख अशी: चिपड भरपूर, पण पुसलं की आतला डोळा स्वच्छ, पांढराशुभ्र. पापणी सुजलेली नाही. बाळ दूध पितंय, झोपतंय, दिव्याकडे टकमक बघतंय. झोपून उठल्यावर चिकटपणा जास्त, दिवसा कमी. सर्दी झाली किंवा वारा लागला की पुन्हा जास्त. बहुतेकदा एकाच डोळ्याला, पण दोन्हींनाही असू शकतं. नाकाजवळच्या कोपऱ्यावर हलकं दाबलं तर कधी कधी पिशवीतला चिकट स्राव उलटा डोळ्यात येतो. हे बघून आई घाबरते. डॉक्टर मात्र नेमकं हेच शोधत असतात.

डोळे आलेत, म्हणजे खरा संसर्ग झालाय, तेव्हा चित्र वेगळं असतं. पांढरा भाग लाल किंवा गुलाबी होतो, पापण्या सुजतात, पुसून दहा मिनिटं होत नाहीत तोवर स्राव पुन्हा येतो. एका डोळ्यातून दुसऱ्यात जातो. बाळ किरकिरं होतं. घरात आणखी कुणाचे डोळे लाल असतील तर शंका आणखी बळावते. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून सुरू होऊन महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली होती. अशा दिवसांत शाळेतून आलेला दादा बाळाचा पापा घेतो आणि काम होतं. विषाणूनं आलेल्या डोळ्यांत पाणी जास्त आणि पू कमी, जिवाणूंनी आलेल्यांत पू जास्त, असं साधारण म्हणतात. मोठ्या माणसांत हा भेद थोडाफार उपयोगी पडतो. बाळाच्या बाबतीत त्यावर विसंबू नये, कारण तिथे वयाचा प्रश्न मोठा आहे.

आता कॅलेंडर. जन्मापासून २८ दिवसांच्या आत बाळाच्या डोळ्याला लाली, सूज आणि पू आला, तर वैद्यकात त्याला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र धास्ती आहे. प्रसूतीच्या वेळी आईच्या जननमार्गातले जंतू बाळाच्या डोळ्यात जाऊ शकतात. आईला कधीकधी कसलाच त्रास नसतो, त्यामुळे तिला हे माहीतही नसतं. गोनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाचा जंतू असेल तर बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पापण्या टम्म फुगतात आणि पू अक्षरशः वाहतो. हा जंतू बुबुळावरचा पारदर्शक पडदा फार वेगानं खातो. उशीर झाला तर तिथे भोक पडून दृष्टी जाते. तसाच पसरणारा क्लॅमिडियाचा जंतू जरा उशिरा, पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमाराला दिसतो आणि पुढे बाळाला न्यूमोनियाही होऊ शकतो. दोन्हींत नुसत्या ड्रॉप्सनी भागत नाही. इंजेक्शन किंवा पोटातून औषध द्यावं लागतं आणि आईवडिलांनाही उपचार घ्यावे लागतात. या शेवटच्या वाक्याला घरात फार कुजबूज होते. डॉक्टरांना ती सवयीची असते. आपण लाजून वेळ घालवू नये.

एकोणिसाव्या शतकात युरोपात अंधशाळांमधली कितीतरी मुलं याच आजारानं दृष्टी गमावलेली असत. लाइपझिगच्या कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञानं जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि १८८१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याच्या रुग्णालयात शंभरातल्या दहाएक बाळांना होणारा हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. गंमत म्हणजे त्या थेंबानंच पहिल्या दिवशी डोळे जरा लाल व्हायचे.

आपल्याकडे घरी येणाऱ्या आशाताईंच्या कामात बाळाचे डोळे तपासणं आहे. प्रसूती दवाखान्यात झालेली असेल तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरी जाऊन नवजात बाळाची अशी काळजी घेण्याची पद्धत आधी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून सिद्ध केली, मग ती देशभर गेली. तेव्हा ताई आल्या की चहा जरूर विचारा, पण बाळाचा डोळाही दाखवा.

नळी तुंबलेली असेल तर उपचार म्हणजे मुख्यतः वाट पाहणं आणि मालिश. हे मालिश अंघोळीच्या वेळच्या तेल-मालिशमध्ये धरू नका. हात साबणानं धुवायचे, नख कापलेलं हवं. करंगळीचं किंवा तर्जनीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या हाडाला टेकवायचं आणि जरा दाब देत नाकपुडीच्या दिशेनं खाली ओढायचं. असं पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दाबामुळे पिशवीतलं पाणी खालच्या पडद्यावर आदळतं आणि पडदा फाटायला मदत होते. ही युक्ती १९२३ मध्ये क्रिग्लर या डॉक्टरांनी लिहिली आणि शंभर वर्षांनीही तीच शिकवतात. नुसतं कुरवाळून उपयोग नाही आणि डोळ्याच्या बुबुळावर दाब मुळीच नको, म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करून दाखवा. माझ्या बहिणीला वाटत होतं ती बरोबर करतेय. ती पापणी चोळत होती.

वर्षभरात दहापैकी नऊ बाळांची नळी आपोआप उघडते. नाही उघडली तर नेत्रतज्ज्ञ थोड्या वेळाची भूल देऊन बारीक सळई नळीत घालतात आणि पडदा मोकळा करतात. बहुतेक मुलांना एकदाच पुरतं.

चिपड पुसायचं ते उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं, नाकाकडून कानाकडे, एकदाच. तो बोळा टाकून द्यायचा, पुढच्या वेळी नवा. दुसऱ्या डोळ्याला वेगळा. साडीचा पदर, ओढणी, दुपट्ट्याचं टोक यांना सुट्टी.

काजळाचा विषय काढला की घरात दोन तट पडतात. तुपाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ शुद्ध असतं, हे आजीचं म्हणणं मला पटतं; ते लावणारं बोट शुद्ध असतं, हे पटत नाही. काजळीचे कण डोळ्याला टोचतात आणि ती दोन बारीक छिद्रं आधीच धडपडत असतात. बाजारच्या काही सुरम्या-काजळात तर शिसं सापडलेलं आहे, ते बाळाच्या मेंदूला घातक. तीट गालावर किंवा कपाळावर लावा. आईचं दूध डोळ्यात घालण्याचंही तसंच. चिकाच्या दुधात जंतूंशी लढणारे घटक असतात हे खरं, पण ते निर्जंतुक नसतं. आणि संसर्ग खरा असेल तर त्या घरगुती प्रयोगात जो दिवस जातो तोच महागात पडतो.

आता माझ्या बाटलीबद्दल. मोतीबिंदूनंतर देतात त्या ड्रॉप्समध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्यानं लाली झटकन उतरते, म्हणून सगळ्यांना वाटतं गुण आला. पण आत हर्पिसचा विषाणू किंवा बुरशी असेल तर स्टेरॉइड तिला मोकळं रान देतं, आणि दीर्घकाळ वापरलं तर डोळ्यातला दाब वाढतो. शिवाय उघडलेली बाटली साधारण महिनाभरानं टाकून द्यायची असते. आमची आदल्या दिवाळीची होती.

चिपडाशी संबंध नसलेली, पण याच घोळात निसटून जाणारी एक गोष्ट सांगतो. बाळाच्या डोळ्यातून नुसतं पाणी येतं, चिपड जवळपास नाहीच, उजेडात डोळे मिटून घेतं, तोंड लपवतं आणि बुबुळ मोठं दिसतं. पाहुणे म्हणतात, ‘काय टपोरे डोळे आहेत!’ हा जन्मजात काचबिंदू असू शकतो. आतल्या दाबानं बाळाचा कोवळा डोळा ताणून मोठा होतो आणि बुबुळ धुरकट होत जातं. इथे मालिश करत बसणं म्हणजे दृष्टी घालवणं. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. फोनवर आणखी एक घोटाळा होतो: ‘बाळाचे डोळे पिवळे दिसतात’ म्हणजे चिपड की पांढरा भाग? पांढरा भाग पिवळा असेल तर ती कावीळ, तिचा हिशेब वेगळा, पण दाखवायला तिथेही उशीर नको.

नळी तुंबलेल्या बाळालाही मध्येच डॉक्टर लागू शकतात. नाकाजवळच्या कोपऱ्यात लाल, गरम, दुखरी गाठ आली, ताप आला, तर पिशवीतच पू झालाय; रात्र असली तरी निघा. जन्मतःच तिथे निळसर फुगवटा असेल आणि दूध पिताना बाळाला श्वास घ्यायला त्रास होत असेल, तरीही तसंच, कारण लहान बाळं प्रामुख्यानं नाकानंच श्वास घेतात आणि तो फुगवटा नाकाच्या आतही असू शकतो. पहिल्या महिन्यातली लाली, सुजून न उघडणारी पापणी, वाहता पू, बुबुळावर पांढरा डाग, उजेड सहन न होणं: यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. पांढरा भाग स्वच्छ आणि बाळ मजेत असेल, तर पुढच्या लसीच्या तारखेला बालरोगतज्ज्ञांना दाखवलं तरी चालतं.

भाची नऊ महिन्यांची असताना एका लग्नात बहिणीच्या लक्षात आलं की पर्समधले कापसाचे बोळे कितीतरी दिवस तसेच पडून आहेत. डोळा नेमका कधी सुकला, ते कुणालाच आठवत नव्हतं.