एकाच पडद्यावर सगळा धंदा : मराठवाड्यातली पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या बहुतेक लघुउद्योगांत हिशेब टॅलीत, उत्पादन एक्सेलमध्ये, हजेरी अंगठ्याच्या मशीनमध्ये आणि पुढच्या महिन्याचे शेड्यूल मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर असते. आज तयार माल किती आणि येणे किती, एवढे कळायला मालकाला चार ठिकाणी डोकवावे लागते. हे सगळे एका पडद्यावर आणण्याची खटपट सध्या जोरात आहे.

दोन हिशेब जुळवण्याची कसरत या भागाला नवी नाही. निजामाच्या राज्यात त्याचा स्वतःचा हाली सिक्का चाले, सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया. तिथल्या महसुलाचा फसली सन इसवी सनाच्या सुमारे ५९० वर्षे मागे. विलीनीकरणानंतर ७ हाली रुपयांना ६ भारतीय रुपये असा दर धरून व्यवहार होत. हाली नाणे पुरते बाद व्हायला १९५९ उजाडले. १९५८पासून मण-शेर जाऊन क्विंटल-किलो यायला लागले होते, म्हणजे आडतीवरच्या मुनिमाला दोन्ही आघाड्या एकदमच.

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५मध्ये सुरू झाला आणि भोवती पुरवठादार वाढले. त्यांच्याकडे संगणक आले ते गरजेप्रमाणे, एकेक करून: आधी हिशेबाला, मग पगाराला, मग स्टोअरला. प्रत्येक वेळी विकणारा वेगळा. सगळ्याचा मिळून आराखडा कुणी केलाच नव्हता.

मोठ्या कंपन्यांचीही हीच अडचण होती, फक्त त्यांच्याकडे पैसा होता. आयबीएममधल्या कॉड यांनी १९७०मध्ये तक्त्यांवर आधारलेल्या डेटाबेसची मांडणी केली. १९८८मध्ये आयबीएमच्याच डेव्हलिन आणि मर्फी यांनी विखुरलेली माहिती एका वेगळ्या कोठारात आणायची रचना सुचवली. वेगवेगळ्या यंत्रणांतून नोंदी काढायच्या, एका साच्यात बसवायच्या, मग कोठारात भरायच्या. आजचे डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एकत्र दाखवणारे पडदे, याच पायावर उभे आहेत. लघुउद्योगाला तो खर्च झेपण्यासारखा नव्हता.

लघुउद्योग या जुळवाजुळवीकडे वळला तो कायद्यामुळे. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला आणि प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याला १५ अक्षरी क्रमांक मिळाला: महाराष्ट्रासाठी आधी २७, मग पॅनची दहा अक्षरे. एका वहीत आडनावाने, दुसरीत गावाने नोंदलेला पुरवठादार एकच आहे, हे आता क्रमांकावरून कळू लागले. २०२०मध्ये जीएसटीआर-२बी हे विवरणपत्र आले. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात नोंदवलेली बिले खरेदीदाराला त्यात दरमहा दिसतात; बिल जुळले नाही की खरेदीवर दिलेल्या कराची वजावट अडते. श्रेय सॉफ्टवेअर विकणारे घेतात, पण जुळवाजुळवीची सवय या धास्तीनेच लावली, असे माझे मत.

मालाची ओळख मात्र अजून सुटलेली नाही. जालन्यात तयार होणारी १० मिमी आणि १२ मिमीची सळई जीएसटीसाठी मालाचे वर्गीकरण करणाऱ्या एकाच एचएसएन कोडखाली मोडते, त्यामुळे स्टॉकसाठी तो कोड पुरत नाही. वाळूजला गज किलोवर येतो, त्यातून निघालेला भाग नगावर जातो. ग्राहकाचा पार्ट नंबर वेगळा, आपला वेगळा, ड्रॉइंग बदलले की दोन्ही बदलतात. म्हणून आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची एकच पक्की यादी, करायला बसताना संगणकवाल्याच्या आधी स्टोअरकीपरला बोलवावे लागते. वहीत ‘लांब बोल्ट’ लिहिलेला कुठल्या ड्रॉइंगचा, हे त्यालाच ठाऊक असते.