मोठं नाणं आधी? दर वेळी नाही

सुट्टे देताना मोठ्यात मोठं नाणं आधी काढलं की कमीत कमी नाणी लागतात, असं सर्रास सांगितलं जातं. आजच्या १, २, ५, १०, २० रुपयांच्या नाण्यांना ते लागू पडतंच. पण तो त्या आकड्यांचा गुण, गणिताचा नियम नव्हे. मुलांना शिकवताना हे सांगायलाच हवं.

आपल्याच जुन्या चिल्लरीत २५ आणि २० पैसे दोन्ही होते. ४० पैसे द्यायचेत? मोठ्यापासून उतरलात तर २५, १०, ५, म्हणजे तीन नाणी. वीस-वीसची दोनच पुरतात! ५, १०, २०, २५ पैशांत ४० पैसे जमवायचे एकूण ११ मार्ग निघतात (क्रम बदलला तरी मार्ग तोच). मोठ्यापासून उतरणारा त्यातला एकच पाहतो.