घरची पवनचक्की आणि महावितरणचा नेट मीटर: कोकणात अर्ज कुठे अडतो

"एवढो वारो फुकट जाता, मगे बिल कित्याक भरूचा?"

आंबा बागायतदार असो की दोन खोल्यांचा होमस्टे चालवणारी वहिनी, प्रश्न हाच येतो आणि तो रास्त आहे. 1986 साली देशातल्या पहिल्या प्रायोगिक पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा गुजरातमधल्या ओख्याच्या आणि तमिळनाडूतल्या तुतीकोरिनच्या जोडीला आपला रत्नागिरीचा किनारा होता. देवगडच्या पवनचक्क्यांसमोर तर पर्यटक फोटो काढतात. आज देशाची पवनऊर्जा क्षमता 50 हजार मेगावॉटच्या पुढे आहे, महाराष्ट्राची 5 हजारांच्या वर. पण राज्यातल्या बहुतेक पवनचक्क्या सातारा, सांगली, धुळे, नंदुरबारच्या पठारांवर फिरतात. आपल्याकडे वारा तेवढा राहिला, आणि एसी, डीप फ्रीजर, पंप यांनी दरवर्षी फुगणारं बिल.

सडा (डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार) भाड्याने घेऊन मोठ्या पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपन्यांचा विषय इथे नाही, तो वेगळा आणि लांबलचक आहे. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वाट बघत असाल तर तीही सोडा. केंद्राने 2024 मध्ये त्यासाठी 7,453 कोटी मंजूर केले ते गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रासाठी. ही माहिती आहे ती स्वतःच्या घरी, होमस्टेला किंवा छोट्या कारखान्याला 1 ते 10 किलोवॉटची पवनचक्की (किंवा पवनचक्की आणि सौर पॅनेल मिळून हायब्रीड) बसवून ती महावितरणच्या नेट मीटरला (घेतलेली आणि दिलेली वीज मोजून फरकाचंच बिल लावणारा मीटर) जोडू पाहणाऱ्यांसाठी. बॅटरीवर चालवून ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, हातच लावायचा नसेल, तर नेट मीटरचा अर्ज लागत नाही. जागेविषयीचा भाग मात्र तुम्हालाही लागू आहे.

पात्र कोण

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे 2019 चे विनियम याला आधार आहेत. त्यांच्या नावात 'सौर' नाही, 'नवीकरणीय ऊर्जा' असा शब्द आहे, म्हणजे वारा त्यात बसतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण खिडकीवर "इथे फक्त सोलर" असं उत्तर मिळू शकतं. वाद घालू नका. विनियमांचं पहिलं पान छापून न्या, त्यावर बोट ठेवा आणि अर्जाची पोच मागा. तोंडी नकाराविरुद्ध पुढे कुठेच दाद मागता येत नाही, लेखी नकाराविरुद्ध येते.

ग्राहक महावितरणचा हवा, थकबाकी नको, आणि यंत्रणेची क्षमता बिलावरच्या मंजूर भारापेक्षा (कनेक्शनला एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज मंजूर असते त्यापेक्षा) जास्त नको. शेवटची अट वाचायला सोपी आहे, पण आपल्याकडच्या जुन्या घरांना मंजूर भार असतो अर्धा किंवा एक किलोवॉट. वडिलांनी चार दिवे आणि एक पंखा धरून घेतलेलं कनेक्शन ते. त्यावर 3 किलोवॉटची यंत्रणा मागितली की अर्ज परत. आधी भारवाढीचा अर्ज करा, कोटेशन भरा, वाढलेला भार बिलावर छापून येऊ द्या, मगच नेट मीटरकडे वळा. दोन्ही अर्ज एकदम टाकून वेळ वाचतो असं वाटतं, पण वाचत नाही.

आता अनुदान. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला 3 किलोवॉटला 78 हजार रुपये मिळतात, ते सौर पॅनेलसाठी. पवनचक्कीच्या पात्याला त्यातला एक रुपयाही नाही. विक्रेता जर "78 हजार वजा करून" पवनचक्कीची किंमत सांगत असेल, तर त्याच्याकडून ते लेखी मागा. बहुधा पुढचा फोन येणार नाही. 10 किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीशिवाय अर्ज मंजूर धरला जातो, ही बातमीही लोक आपल्याला लागू आहे असं समजतात. केंद्राच्या 2024 च्या नियमदुरुस्तीतली ती सवलत छतावरच्या सौर यंत्रणेची आहे. वाऱ्याच्या अर्जाची तपासणी होणार हे धरूनच चाला. त्यात तुमच्या वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर आधीच किती यंत्रणा जोडल्या आहेत हेही पाहतात. ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांपर्यंतच त्या जोडता येतात. शेजाऱ्यांनी सोलर लावून झालं असेल तर चौकशी आधी करा.

बिल कुणाच्या नावाने येतं?

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त अर्ज इथे अडतात. बिल आजोबांच्या नावाने येतं आणि आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली. बिल भरलं जातं, वीज चालू राहते, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण नेट मीटरसाठी महावितरणशी करार करायचा असतो, आणि करारावर आजोबा सही करू शकत नाहीत.

मग नाव बदलायचं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. पहिले दोन कागद मिळतात, तिसऱ्यात माणूस खचतो. सातबारावर सव्वीस नावं, त्यातली निम्मी दादर, डोंबिवली, नालासोपाऱ्यात, दोन आत्या लग्न होऊन गोव्यात, आणि एका काकाशी बांधावरून 1998 पासून बोलणं बंद. यावर एकच उपाय मला माहीत आहे: चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा कागद तयार ठेवा. मुद्रांक आता 500 रुपयांचा लागतो. मजकूर टाइप करून ठेवा, नोटरीची वेळ आधी घ्या आणि आरतीनंतर सह्या घ्या, विसर्जनानंतर नव्हे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निम्मं घर तुतारी नाहीतर कोकणकन्या एक्सप्रेसमध्ये बसलेलं असतं. गणपती हुकले तर शिमगा, तोही हुकला तर मे महिना.

सातबारावर वारस नोंदच झाली नसेल तर तलाठ्याकडे ती आधी करा. फेरफाराच्या नोटिशीला हरकतीसाठी 15 दिवस असतात, त्यामुळे आज अर्ज दिला आणि उद्या उतारा आला असं होत नाही. वारसाने हक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते, हे बहुतेकांना वीस वर्षांनी कळतं. नोंद तरीही होते, उशीर झाला म्हणून लाजून घरी बसू नका.

आणखी एक गोंधळ म्हणजे ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा. आपल्याकडे घर वाडीत, शेतजमिनीतच असतं. त्याची घरपट्टी भरतो म्हणून लोक तो उतारा मालकीचा पुरावा म्हणून लावतात. तो कर आकारणीचा कागद आहे. जोडा जरूर, पण सातबाराच्या सोबत, त्याच्या जागी नाही. दोन्हींवरची नावं जुळत नसतील तर अर्जाआधी जुळवून घ्या.

मीटर घरात, वारा सड्यावर

हे दुखणं खास कोकणाचं. वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाने बदलते. ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्याला 1 किलोवॉट देणारी पवनचक्की 20 च्या वाऱ्याला आठवा भाग, म्हणजे सव्वाशे वॉट देते. आता आपलं घर कुठे असतं? उतारावर, माडा-पोफळीच्या आत, वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणूनच पूर्वजांनी बांधलेलं. पवनचक्कीचं पातं आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा निदान नऊ-दहा मीटर वर हवं, असा साधा आडाखा आहे. माड पंधरा-वीस मीटरचे, म्हणजे टॉवर तीस मीटरचा झाला. विक्रेता दाखवतो तो वाऱ्याचा नकाशा राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा खरा असेल, पण तो किती मीटर उंचीवरचा हे विचारा. 120 किंवा 150 मीटरवरचा वारा तुमच्या कौलांवरून जात नाही.

म्हणून माणूस म्हणतो, आपला सडा आहे की वर, तिथे लावू. लावा, पण मग नेट मीटरचा साधा अर्ज बसत नाही, कारण यंत्रणा त्याच मीटरच्या आवारात असावी लागते. मीटर खाली घरात, पवनचक्की अर्ध्या किलोमीटरवर, आणि मधली पाणंद व दोन गुंठे दुसऱ्याचे: नकाशा बघताच अर्ज परत येतो. घर आणि सडा एकाच सलग गटात असेल तर मोजणीचा नकाशा जोडून तसं दाखवा. नसेल तर सड्यावर बॅटरीची यंत्रणा किंवा घरावर निव्वळ सौर, यातलं एक निवडा.

सड्यावर पाया खणण्याआधी आणखी एक बघा. कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या आकृती. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, कुडोपी ही नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून लोकांना कळू लागली, पण राजापूर ते मालवणच्या सड्यांवर अशा आकृती गवताखाली झाकलेल्या असू शकतात. पावसाळ्यात गवत असतं, तेव्हा जागा ठरवू नका. उन्हाळ्यात चालून या.

समुद्र दिसत नसला तरी सीआरझेड

जानेवारी 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. खाडीचं माहीत नसतं. भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या खाडीकाठाला 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं अंतर, यातलं जे कमी ते लागू. समुद्र पंधरा किलोमीटर लांब असलेल्या खाडीकाठच्या गावातला माणूस "आमचा काय संबंध" म्हणतो आणि अडकतो.

अपारंपरिक ऊर्जेला सीआरझेडमध्ये सरसकट बंदी नाही, पण परवानगी लागते, ती राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून. आणि त्यासाठी हवा असतो 1:4000 प्रमाणाचा, तुमची जागा त्यावर चढवलेला, अधिकृत संस्थेने केलेला नकाशा. हा कागद कुणाकडेच नसतो. तो करवून घेण्याचा खर्च छोट्या पवनचक्कीच्या किमतीशेजारी ठेवला की अंगावर काटा येतो. मोठ्या बंदराला आणि तुमच्या दोन किलोवॉटच्या पात्याला एकच नकाशा का, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही. व्यवहारी सल्ला एवढाच, की टॉवर रेषेच्या बाहेर बसत असेल तर वीस मीटर जास्त वायर टाका आणि तो कागद टाळा.

बाकीचे कागद

ताजं वीजबिल, आधार, सातबारा आणि असेसमेंट, जागेचा नकाशा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, यंत्रणेची एकरेषीय आकृती (जोडणीचा साधा आराखडा), परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. हे ठेकेदाराकडून होतं, त्यात फार अडत नाही. अडतं ते प्रमाणपत्रात. हायब्रीड विकणारे सौर इन्व्हर्टरचं (तयार झालेली वीज ग्रिडला जुळेल अशी करणाऱ्या यंत्राचं) प्रमाणपत्र लावून मोकळे होतात. पवनचक्कीचं स्वतःचं चाचणी प्रमाणपत्र वेगळं मागा. देशात ती चाचणी राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था करते, तिचं केंद्र तमिळनाडूत कायथरला आहे. वाऱ्याच्या बाजूचा इन्व्हर्टर वीज गेल्यावर आपोआप ग्रिडपासून तुटतो, याचाही कागद हवा. तो तुटला नाही, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाशी खेळ आहे. या मुद्द्यावर महावितरणने अडवलं तर मी त्यांच्या बाजूचा.

होमस्टे घरगुती कनेक्शनवर चालवत असाल तर लक्षात घ्या, तपासणीला माणूस येणार आणि खोल्यांवरचे क्रमांक त्याला दिसणार. वापराचा प्रवर्ग (घरगुती की व्यावसायिक) आधी नीट करून घ्या. पर्यटन विभागाची नोंदणी असेल तर तोही कागद फाइलमध्ये ठेवा.

31 मार्च

ही तारीख लोक वाचतात, पण चुकीची वाचतात. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, इथवर बरोबर. पण ती वही आर्थिक वर्षाची आहे. 31 मार्चला शिल्लक युनिटांचा हिशेब ठरलेल्या दराने होतो आणि एप्रिलला पाटी कोरी. तो दर तुम्ही भरता त्या दराएवढा नसतो.

आता कोकणाचं गणित बघा. वारा जोरात जुलै-ऑगस्टमध्ये, नेमके ढग असताना, म्हणून हायब्रीडची कल्पना इथे चांगली आहे. युनिट साठतात पावसात. खर्च कधी होतो? दिवाळी, नाताळ, आणि सर्वांत जास्त एप्रिल-मेमध्ये, पाहुणे आणि आंबे एकदम असताना. म्हणजे पावसातली साठवण हंगामाच्या तोंडावर संपते. त्यामुळे क्षमता ठरवताना मे महिन्याचं बिल समोर ठेवू नका, जुलै ते मार्च असे नऊ महिन्यांचे युनिट जोडा. मेचं बिल धरून केलेली यंत्रणा मार्चअखेर युनिट स्वस्तात देऊन टाकते, असं मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय.

अर्ज लटकला, किंवा नाकारला आणि कारण पटत नसेल, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. मंचाचा निकाल विरोधात गेला तर 60 दिवसांत विद्युत लोकपालांकडे. हे 60 दिवस निकालाच्या तारखेपासून मोजा, मुंबईहून भाऊ आल्यापासून नव्हे.

टॉवर खाली घेता येणारा, बिजागरीचा घ्या. जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 चं तौक्ते या दोन्ही वादळांची सूचना काही दिवस आधी मिळाली होती. आडवा करून ठेवायला तेवढा वेळ पुरतो. विम्याच्या कागदात 'चक्रीवादळ' आणि 'वीज पडणे' हे दोन्ही शब्द आहेत का, ते पैसे देण्याआधी पाहा.